साईट रात्री नऊला बंद: गरिबांच्या आरोग्य विम्याचे पैसे कसे कापले जातात

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली अडखळ काढून टाकलीय, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

कुणी लोकलमध्ये लटकत ऐकत असेल, कुणी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, कुणी रात्री भांडी घासता घासता. आजचा विषय जरा रुक्ष वाटेल: सरकारी आरोग्य विमा आणि त्याच्या पैशांना लागणारी कात्री. म्हणून आधी आत्याचं सांगतो.

माझी आत्या मराठवाड्यात राहते. वय ५४. दोन्ही किडन्या निकाम्या झाल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागतं. तिचा मुलगा, आमचा दादा, टमटम चालवतो. सरकारी योजनेच्या कार्डावर एका खासगी दवाखान्यात तिचं डायलिसिस होत होतं. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. मग एका मंगळवारी सकाळी दादाचा फोन. "अरे, इथे काउंटरवर म्हणतायत, योजनेतलं सध्या घेत नाही. पेमेंटचा प्रॉब्लेम आहे म्हणे. रोख द्यायचे तर द्या."

रोख म्हणजे एका वेळेचे २,२०० रुपये. महिन्याला आठ-नऊ वेळा. दादाची कमाई तुम्हीच हिशोबात धरा.

पेमेंट नेमकं कुठे अडकलं होतं, हे त्या घरातल्या कुणालाही कुणी समजावून सांगितलं नाही. मी इथे कुणाचं नाव घेऊन बोट दाखवणार नाही. मला आज वेगळीच गोष्ट सांगायचीय. त्या दिवशी टीव्हीवर, पेपरात, कुठेही "योजना बंद" अशी बातमी नव्हती. योजना चालू होती, कार्ड चालू होतं. फक्त आत्याचं डायलिसिस बंद होतं.

आणि दादाचा फोन आला तेव्हा मी काय करत होतो? मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. गेली पाच वर्षं अमेरिकेतल्या आरोग्य विम्याच्या सिस्टीमवर काम करतोय. कोण पात्र, कोण अपात्र, हे ठरवणारा कोड आमची टीम लिहिते. म्हणजे काउंटरच्या या बाजूला आत्या, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाच्या काउंटरमागे मी. हा भाग त्यातूनच सुचला.

आधी पैशाचा प्रवास समजून घेऊ

आपल्याकडे महाराष्ट्रात २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. मूळ कवच होतं कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत, म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली. तिचं कवच ५ लाखांचं. २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र चालवतात. २०२३ मध्ये राज्याने ठरवलं, की पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही राशनकार्ड असलेल्या कुटुंबाला ५ लाखांपर्यंत कवच द्यायचं.

केंद्राच्या योजनेत बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६०:४० अशी आहे. ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य. ईशान्येकडची आणि हिमालयातली राज्यं असतील तर ९०:१०.

आता पेशंट दाखल झाला की काय होतं? दवाखान्यातला आरोग्यमित्र कार्ड आणि आधार बघतो. दवाखाना पोर्टलवर पूर्वपरवानगी मागतो. ती आली की उपचार. पेशंट घरी गेला की दवाखाना रिपोर्ट, फोटो, बिलं अपलोड करून क्लेम लावतो. क्लेम तपासला जातो आणि ठरलेल्या पॅकेजचे पैसे दवाखान्याच्या खात्यात जमा होतात.

म्हणजे दवाखाना खर्च आधी करतो आणि पैसे त्याला नंतर मिळतात. मधला काळ तो स्वतःच्या खिशातून चालवतो. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखंच आहे हे. गिऱ्हाईक सरकार आहे म्हणून दुकानदार निर्धास्त असतो. पण तीन महिने वही भरत गेली आणि पैसे आलेच नाहीत, तर दुकानदार काय करेल? पाटी लावणार नाही. पण उधारीवर तूरडाळ मागितली की म्हणेल, "संपली हो."

हे डोक्यात ठेवा. आता मी तुम्हाला पैसे कमी करायचे तीन मार्ग सांगतो. तिन्हींमध्ये "कपात" हा शब्द कुठे दिसत नाही.

पहिला मार्ग: दर तोच ठेवा

प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं. केंद्राच्या २०२२ च्या यादीत १,९४९ प्रोसिजर आहेत आणि प्रत्येकीचा दर आहे. त्या दरात बेड, तपासण्या, औषधं, सामान सगळं बसवायचं. आता सलाईनच्या नळीपासून नर्सच्या पगारापर्यंत सगळं दरवर्षी महागतं. दर मात्र समिती बसेल तेव्हा बदलतो. मधल्या काळात कुणी एक रुपयाही कापलेला नसतो, तरी त्या पैशात होणारं काम दर महिन्याला थोडं थोडं कमी होत जातं.

मग दवाखाना काय करतो? दहा मशीन असतील तर आठ योजनेला देणारा पाच देतो. "पुढच्या महिन्यात या" म्हणतो. काही ठिकाणी चिठ्ठी हातात ठेवतात: "हे इंजेक्शन बाहेरून आणा." पॅकेजमधल्या गोष्टीचे पैसे पेशंटकडून घेणं नियमात बसत नाही. पण ऑपरेशन थिएटरच्या दारात उभा असलेला नातेवाईक नियम काढून वाचत नाही, तो मेडिकलकडे पळतो.

यात आणखी एक गणित आहे. लाभार्थी वाढवले, प्रोसिजर वाढवल्या, तर बातमी चांगली होते, आणि गोष्टही चांगलीच आहे. पण भांडं तेवढंच ठेवून पंगत दुप्पट केली तर प्रत्येकाच्या पानात किती पडणार? म्हणून घोषणा ऐकली की आकडा दोन बाजूंनी बघायचा. किती लोक वाढले, आणि त्यासोबत तरतूद किती वाढली.

दुसरा मार्ग: पैसे उशिरा द्या

आत्याच्या घरी बसला तो फटका या प्रकारचा. उशीर म्हणजे फक्त उशीर, असं आपल्याला वाटतं. पण मोठं कॉर्पोरेट हॉस्पिटल सहा महिने थांबू शकतं, तालुक्यातला वीस खाटांचा दवाखाना नाही थांबू शकत. त्यामुळे थकबाकी वाढली की योजनेतून आधी छोटे दवाखाने गळतात. आणि गरीब पेशंटच्या घराजवळ असतात तेही हेच दवाखाने.

हे हवेतलं बोलणं नाही. हरियाणात ऑगस्ट २०२५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या राज्य शाखेने आयुष्मानचे पेशंट घेणं थांबवण्याची हाक दिली. सहाशेहून जास्त खासगी दवाखाने त्यात होते आणि सुमारे ५०० कोटी रुपये थकल्याचं संघटनेचं म्हणणं होतं. पुढच्याच महिन्यात तेलंगणात आरोग्यश्रीच्या दवाखान्यांनी तेच केलं. तिथे संघटनेने सांगितलेली थकबाकी हजार कोटींच्या वर होती. आरोग्यश्री म्हणजे २००७ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सुरू झालेली योजना. आपल्या जीवनदायीला तीच वाट दाखवणारी. बोलणी झाली, दवाखाने पुन्हा सुरू झाले. पण मधल्या दिवसांत ज्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं, त्याचं काय?

आमच्या भाषेत सांगायचं तर ही रांग आहे. रांगेतली विनंती थांबली की सिस्टीम काही वेळाने पुन्हा प्रयत्न करते. ऑनलाईन खरेदीचं पेमेंट अडकलं तर आपणही पुन्हा बटण दाबतो. शरीराला असं बटण नसतं. डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, दम लागतो. आत्याचे त्या आठवड्यातले दोन्ही वार चुकले. शनिवारी रात्री तिला आडवंच होता येईना, बसून श्वास घेत होती. छातीत पाणी झालं होतं. तिला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं, तीन दिवस. ४४०० रुपयांचं डायलिसिस टळलं आणि त्यापायी ५८ हजारांचं बिल झालं. दादाने व्याजाने पैसे काढले, टमटमचे दोन हप्ते थकले.

ही बचत झाली का? कुणाच्या तरी कागदावर त्या आठवड्यात दोन क्लेम कमी दिसले असतील, एवढंच.

इथे बजेटची एक गंमतही सांगून टाकतो. फेब्रुवारीत आपण जो आकडा ऐकतो तो अंदाज असतो. वर्षाच्या शेवटी तो सुधारतात, आणि तेव्हा बातमी होत नाही. केंद्राने २०१९-२० साठी जन आरोग्य योजनेला ६,४०० कोटी ठेवले होते. सुधारित अंदाजात ते ३,२०० कोटी झाले. बरोबर निम्मे. याला लगेच डाव म्हणू नका. योजना नवी होती, सगळी राज्यं आलेली नव्हती, खर्चच तेवढा झाला नाही. पण लक्षात काय ठेवायचं? जाहीर झालेले पैसे आणि पेशंटपर्यंत पोचलेले पैसे हे दोन वेगळे आकडे असतात. पुढे ही तरतूद वाढत गेली, २०२५-२६ साठी ९,४०६ कोटींवर आली, हेही त्याच वहीत लिहून ठेवा.

तिसरा मार्ग: दार अरुंद करा

हा माझ्या धंद्यातला मार्ग. त्यासाठी अमेरिकेत जावं लागेल, कारण तिथे तो नीट मोजला गेलाय.

अमेरिकेत गरिबांसाठी मेडिकेड नावाचा सरकारी विमा आहे. १९६५ मध्ये सुरू झाला. पैसे केंद्र आणि राज्य मिळून देतात, आपल्यासारखंच. सात कोटींच्या आसपास लोक त्यावर आहेत. तिथल्या दर दहा बाळंतपणांपैकी साधारण चार मेडिकेडवर होतात, म्हणजे आकार कळला असेल.

२०१८ च्या जूनमध्ये आर्कान्सा राज्याने नियम आणला. मेडिकेड हवं तर महिन्याला ८० तास काम करा आणि ते केल्याचं दर महिन्याला ऑनलाईन नोंदवा. वर्षात तीन महिने नोंद चुकली की विमा बंद, थेट पुढच्या वर्षीपर्यंत. सुरुवातीचे कित्येक महिने नोंदवायला फोनची सोयसुद्धा नव्हती, फक्त वेबसाईट. खातं उघडायला ईमेल हवा आणि टपालाने आलेल्या पत्रातला एक नंबर हवा. आणि ती वेबसाईट रोज रात्री नऊ ते सकाळी सात बंद असायची.

पुन्हा सांगतो. नोकरी करता हे सिद्ध करायचं, आणि ते नोकरीवरून घरी आल्यावर करायला गेलात तर साईट बंद.

पाच महिन्यांत १८,००० हून जास्त लोकांचा विमा गेला. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय न्यायालयाने नियम थांबवला. मग हार्वर्डच्या संशोधकांनी तपासलं: रोजगार वाढला का? नाही, काही फरक दिसला नाही. ज्यांच्यासाठी नियम होता त्यांच्यातले ९५ टक्क्यांहून जास्त लोक आधीच काम करत होते किंवा सूट मिळायला पात्र होते. साधारण तिघांतल्या एकाने तर या नियमाबद्दल काही ऐकलंच नव्हतं.

म्हणजे गाळले गेले ते आळशी लोक नव्हते. ज्यांना पत्र मिळालं नाही, मिळालं ते कळलं नाही, पासवर्ड विसरला, अशी माणसं गळली.

विमा गेल्यावर पुढे काय झालं, हेही त्याच संशोधकांनी नंतर विचारलं. ज्यांचा विमा गेला त्यांच्यातल्या निम्म्यांना दवाखान्याची देणी फेडायला मोठी अडचण आली. ५६ टक्क्यांनी खर्चापायी उपचार पुढे ढकलले. ६४ टक्क्यांनी औषधं घ्यायला उशीर केला. बीपीची गोळी, इन्सुलिन, दम्याचा पंप या गोष्टी पुढे ढकलल्या की काय होतं, ते आपल्या घरात कुणी ना कुणी पाहिलेलं असतं.

आता माझी कबुली. कोविडच्या काळात मेडिकेडवरून लोकांना काढायला मनाई होती. ती मार्च २०२३ अखेर संपली आणि राज्यांनी सगळ्यांची पात्रता पुन्हा तपासायला घेतली. त्या वेळी आमच्या टीमकडे एका राज्याचं काम होतं. माझ्या नावावर एक टिकेट आलं: पत्र पाठवल्यापासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर केस बंद करा. मी कोड लिहिला. बारा ओळी असतील. टेस्ट हिरव्या आल्या. मॅनेजरने ग्रुपवर टाळ्यांचा इमोजी टाकला, आणि मी चहा प्यायला गेलो.

पत्र परत आलं असेल, माणसाने घर बदललं असेल, तो स्वतःच दवाखान्यात पडला असेल, या शक्यता त्या बारा ओळींत नव्हत्या. टिकेटमध्ये नव्हत्या म्हणून मीही विचारल्या नाहीत. पुढे देशभराचे आकडे आले. अडीच कोटींहून जास्त लोक मेडिकेडवरून निघाले होते. त्यातले साधारण ६९ टक्के कागदपत्रांच्या कारणाने, म्हणजे ते अपात्र आहेत असं कुणी तपासून ठरवलेलं नव्हतंच. माझ्या १२ ओळींमुळे त्यातले किती निघाले, असा हिशोब आमच्या डॅशबोर्डवर नव्हता. तिथे फक्त "बंद केसेस" असा रकाना होता, आणि तो वाढला की आम्हाला बरं वाटायचं.

दादाचा फोन आला त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं, की त्या रकान्यात आत्यासारखी माणसं असणार.

पण मग चोरी होऊ द्यायची का?

हा प्रश्न तुम्ही विचारणार, आणि विचारायलाच हवा. पैसे कुणाच्या तरी करातून येतात. खोटे पेशंट, न केलेली ऑपरेशनं, एकाच माणसाची दोन कार्डं हे सगळं घडतं. २०२३ मध्ये कॅगने आयुष्मान भारतचा अहवाल दिला. त्यात सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नोंदी एकाच मोबाईल नंबरला जोडलेल्या निघाल्या. नंबर कोणता? ९९९९९९९९९९. दहा वेळा नऊ.

त्यावर खूप मीम्स आले. पण ज्याने फॉर्म बनवलेत त्याला यातली दुसरी गोष्ट लगेच दिसते. मोबाईल नंबरचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नसेल, समोर चाळीस लोकांची रांग असेल आणि म्हातारीकडे मोबाईलच नसेल, तर ऑपरेटर काय करेल? नऊ दाबत बसेल. मुळात ओळख पटवायला तो नंबर वापरतच नाही, ती आधारवरून पटवतात, असा खुलासा सरकारनेही केला होता. म्हणजे त्या साडेसात लाखांत काही चोर असतीलही, पण खूपशी माणसं फोन नसलेली असणार असा माझा अंदाज आहे. आता कुणी "चुकीचे नंबर असलेली कार्डं रद्द करा" असं टिकेट काढलं, तर आधी कोण गळेल? चोराकडे तीन सिमकार्डं असतात. म्हातारीकडे एकही नसतं.

म्हणून तपासणी हवीच, पण ती क्लेमवर हवी. एकाच डॉक्टरने एका दिवसात अशक्य इतकी ऑपरेशनं केली का, डिस्चार्ज झालेला पेशंट दुसरीकडे त्याच वेळी दाखल आहे का, हे डेटातून सापडतं. त्यासाठी पेशंटला दर महिन्याला खिडकीवर उभं करायची गरज नाही.

विमा असून फरक पडतो का?

एक प्रामाणिक आकडा. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याकडे मेडिकेडसाठी थोडेच पैसे होते आणि यादीत ९० हजारांच्या आसपास लोक. त्यांनी सोडत काढली. म्हाडाच्या घरांसारखी. त्यामुळे संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला: नंबर लागलेले आणि न लागलेले. दोन वर्षांत रक्तदाब, साखर यांत मोजण्याजोगा फरक दिसला नाही. पण नैराश्याचं प्रमाण बरंच खाली आलं, आणि घर बुडवणारे दवाखान्याचे खर्च जवळपास नाहीसे झाले.

आपल्याकडे "आजारपण काढलं नि घर बसलं" असं म्हणतात ना, सरकारी विमा आधी त्याच्यावर काम करतो. भारतात एकूण आरोग्य खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असं सरकारचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. तरी १०० रुपयांतले ३९ अजून आपणच देतो. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

आणि अमेरिका आता आर्कान्साचाच रस्ता मोठा करतेय. ४ जुलै २०२५ ला झालेल्या कायद्याने महिन्याला ८० तासांची अट देशभर येणार आहे, १ जानेवारी २०२७ पर्यंत. पात्रतेची तपासणी वर्षातून एकदा व्हायची, ती त्या गटासाठी दर सहा महिन्यांनी होणार. तिथल्या संसदेच्या बजेट कार्यालयाचा अंदाज: दहा वर्षांत मेडिकेडवरचा केंद्राचा खर्च ९०० अब्ज डॉलरहून जास्त घटेल, आणि २०३४ पर्यंत एकूण कायद्यामुळे साधारण १ कोटी लोक विम्याबाहेर जातील. यातली सगळ्यात मोठी बचत कामाच्या अटीतून धरलीय. म्हणजे लोक फॉर्म भरायला चुकतील, हे हिशोबात आधीच जमा आहे. त्या सिस्टीमचा कोड लिहायचं काम पुण्या-बंगळुरातही येईल. माझ्या ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी नावावर ते टिकेट पडेल, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

आता आपण काय करायचं?

भाषण नको, कामाचं सांगतो.

एक. घरच्यांचं आयुष्मान कार्ड आजच बघा. आयुष्मान अ‍ॅपवर आधारने पडताळणी होते. आजी-आजोबा ७० च्या वर असतील तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता त्यांचं वेगळं कार्ड निघतं. कार्डावरचं नाव, आधारवरचं नाव आणि राशनकार्डावरचं नाव जुळतंय का ते बघा. आजारी पडल्यावर नावातली वेलांटी दुरुस्त करत बसायला वेळ नसतो.

दोन. दवाखान्यात गेलात की आधी आरोग्यमित्र शोधा. योजनेतल्या दवाखान्यात तो असतो. "योजनेतलं घेत नाही" असं कुणी म्हणालं तर तिथूनच हेल्पलाईनला फोन लावा. राज्याचा नंबर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, केंद्राचा १४५५५. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. पैसे भरावे लागले तर पावती सोडू नका.

तीन. महाराष्ट्रात धर्मादाय दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मोठमोठी नावाजलेली हॉस्पिटलंही यात येतात. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन थेट विचारा.

चार. आपल्यासारख्यांसाठी. तुमच्याकडे कुणाचं तरी काहीतरी "बंद" करणारं टिकेट आलं, तर एक प्रश्न विचारा: माणूस उत्तर देऊ शकला नाही तर काय होईल?

आत्या आता जिल्हा रुग्णालयात जाते. नंबर लागायला पाच आठवडे गेले. तोवर आम्ही सगळ्या भाचरांनी वर्गणी काढून रोखीने भागवलं. ज्यांना पगारदार भाचरं नाहीत त्यांचं काय होतं, ते मला माहितीय, आणि तुम्हालाही. मंगळवार-शुक्रवार ती पहाटे पाचच्या एसटीने निघते, ७० किलोमीटर. परत येते तेव्हा थकलेली असते, पण फोनवर पहिलं वाक्य असतं, "तू जेवलास का?"

मी मागच्या महिन्यात टीमच्या मीटिंगमध्ये सुचवलं, की केस बंद करायच्या आधी दोन मेसेज आणि एक फोन जावा, आणि पत्र परत आलं असेल तर तीस दिवसांची मोजणी थांबावी. क्लायंटने "बघू" म्हटलंय. टिकेट यादीत पडलंय, माझ्याच नावावर. मी दर सोमवारी विचारतो.

तुमच्या घरी असं काही घडलं असेल तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, दवाखान्याचं नाव न घेता. पुढच्या भागात ऐकवू. आणि हा भाग ऐकून झाला की आईला फोन करा. कार्ड कुठल्या डब्यात ठेवलंय, तेवढं विचारून घ्या. भेटू.